सहीचा रकाना

लेकीच्या दातांची फाईल गेले कित्येक महिने माझ्या टेबलाच्या खणात आहे. मूळ फाईल नव्हे, झेरॉक्स. ती मिळवायला दोन अर्ज, एक "साहेब मीटिंगमध्ये आहेत" आणि एक "साहेब जेवायला गेलेत" एवढा खर्च आला. एकूण सव्वीस पानं. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, काय केलं, विद्यार्थ्याची सही आणि शेवटी शिक्षकांची सही. मी बँकेत नोकरी करतो. व्हाउचरवरच्या सह्या बघण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यामुळे दातांचं काही कळायच्या आधीच मला एक गोष्ट कळली. शेवटच्या रकान्यातल्या सगळ्या सह्या एका बैठकीत केलेल्या होत्या. मूळ फाईल दोन मिनिटं हातात मिळाली होती तेव्हा पाहिलं, शाईसुद्धा सगळीकडे तीच हिरवी. एकाखाली एक, उतरणीला लागल्यासारख्या सह्या, आणि पान संपेपर्यंत आडनावाचं शेवटचं अक्षर थकून गळून पडलेलं.

एकच रकाना रिकामा होता. त्याच्याकडे नंतर येतो.

झालं होतं ते असं. लेकीचे वरचे दोन्ही सुळे ओळ सोडून बाहेर आले होते. जून २०२२ मध्ये खासगी डॉक्टरांनी तारा लावायचे पंचावन्न हजार सांगितले. डेंटल कॉलेजात तेच काम सोळा हजारांत होत होतं, फक्त ते पीजीचा विद्यार्थी करणार आणि त्याचे सर त्याच्यावर लक्ष ठेवणार. आम्ही कॉलेज निवडलं. मुलगा फार चांगला होता. लेकीला "दुखतंय का?" असं दर वेळी विचारायचा आणि उत्तर ऐकून घ्यायचा (हे दुसरं सगळेच करत नाहीत). एमडीएसचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आमचं काम दोन-अडीच वर्षांचं, त्यामुळे काम अर्ध्यावर असताना तो पास होऊन गेला आणि फाईल दुसऱ्याकडे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दुसऱ्यानं पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. वरच्या डाव्या बाजूच्या पटाशीच्या दाताचं मूळ उजव्यापेक्षा चांगलं तृतीयांशानं आखूड दिसत होतं. तो गप्प झाला. मग सरांना बोलवायला गेला. सरही जरा गप्पच होते.

माझं पहिलं मत काय झालं असेल ते सांगायला नको. शिकाऊ पोरानं पोरीचा दात खाल्ला. ग्राहक मंचाच्या तक्रारीचा मसुदा मी त्याच रात्री लिहायला घेतला. पण मसुद्यात "निष्काळजीपणामुळे" हा शब्द लिहायचा तर आधी नेमकं काय झालं ते समजायला हवं, म्हणून वाचायला बसलो, आणि मग वाचतच गेलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा गाळ.

दात हाडात रोवलेला असतो अशी माझी समजूत होती, भिंतीत खुंटी असते तशी. तसं नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये कागदाइतका पातळ, तंतूंचा आणि रक्तवाहिन्यांचा एक पडदा असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. दात ढकलला तर सरकतो हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय, की दुधाचा दात पडायच्या आत पक्का दात उगवला तर दुधाचा काढावा आणि नवा दात रोज बोटानं त्याच्या जागेकडे ढकलत राहावा. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं बोट आणि चिकाटी. (आमच्या आजीचा उपाय अगदी हाच होता. तिनं सेल्सस वाचला असण्याची शक्यता कमी.) पॅरिसच्या पिएर फोशार्डनं १७२८ साली दातांवर दोन खंडी ग्रंथ लिहिला आणि त्यात धातूची एक वाकवलेली पट्टी दिली. ती दातांच्या ओळीला लावायची आणि वाकडे दात दोऱ्यानं तिला बांधायचे. लेकीच्या तोंडातली तार ही त्या पट्टीची दूरची नात म्हणायची. घाई असेल तर हाच फोशार्ड चिमट्यानं दात हलवून मोकळा करी आणि एका फटक्यात जागेवर बसवी. वाचताना माझ्याच दाढा शिवशिवल्या.

पण दात सरकतो म्हणजे आत होतं काय? हाड वाकतं का? एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच लोकांना तसंच वाटे. याचं खरं उत्तर कार्ल सँडस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं शोधलं. त्यानं कुत्र्यांच्या दातांना तारा लावून ते काही आठवडे सरकवले आणि मग जबड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हे काम १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झालं. दात ज्या बाजूला जातो तिकडचं हाड पेशी खाऊन टाकतात आणि ज्या बाजूनं तो निघालेला असतो तिकडे नवं हाड भरत जातं. म्हणजे दात हाडातून जात नाही, हाडच त्याला पुढून वाट देतं आणि मागून वाट बुजवतं. आपल्याकडे गर्दीच्या लोकलमध्ये दाराकडे सरकतात ना, तसं.

सँडस्टेटनं आणखी एक गोष्ट पाहिली आणि माझ्या फाईलशी संबंध त्या गोष्टीचा आहे. जोर हलका असेल तर हे खाणं-भरणं नीट चालतं. जोर जास्त झाला तर मधला पडदा चिरडतो, त्यातलं रक्त थांबतं, आणि तो भाग काचेसारखा निर्जीव दिसू लागतो. मग दात सरकायचाच थांबतो. शरीराला आधी ती मेलेली जागा साफ करावी लागते, आणि ती साफसफाई करणाऱ्या पेशी हाडाबरोबर दाताच्या मुळाचाही पापुद्रा काढतात. मुळावरचं आवरण हाडापेक्षा चिवट असतं म्हणून बहुतेक वेळा थोडक्यात भागतं. नेहमीच भागतं असं नाही. म्हणजे जास्त ओढलं तर दात लवकर येत नाही, उलट उशिरा येतो आणि वर नुकसान होतं ते वेगळं. किती जोर योग्य यावर श्वार्झ यानं १९३२ मध्ये आकडा दिला: चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबाच्या आत. एखाद्या मोठ्या लिंबाचंही वजन यापेक्षा जास्त भरेल. एवढ्या जोरावर दात महिन्याला साधारण मिलिमीटरभर चालतो.

या शास्त्राचा जो आद्य पुरुष मानतात तो एडवर्ड अँगल. १८५५ चा जन्म, अमेरिकन, हट्टी. वाकड्या दातांची त्यानं १८९९ मध्ये केलेली तीन वर्गांची विभागणी आजही शिकवतात, लेकीच्या फाईलच्या पहिल्या पानावर "क्लास वन" लिहिलंय ते त्याचंच. साध्या डेंटल कॉलेजात हा विषय धड शिकवलाच जात नाही म्हणून त्यानं १९०० मध्ये सेंट लुईसला स्वतःची शाळा काढली. त्याचा दुसरा हट्ट असा, की माणसाला जेवढे दात दिलेत तेवढे सगळे ओळीत बसलेच पाहिजेत, जागा करण्यासाठी एकही काढायचा नाही. १९११ मध्ये यावरून त्याच्या गोटाचं आणि कॅल्व्हिन केस यांचं असं वाजलं, की तो वाद त्या मंडळींत आजही सांगितला जातो. पुढे त्याचाच लाडका शिष्य चार्ल्स ट्वीड यानं अ‍ॅरिझोनात गुरूच्या पद्धतीनं काही वर्षं काम केलं, मग आपले जुने रुग्ण परत बोलावून तपासले आणि बघितलं तर दात पुन्हा वाकडे, ओठ पुढे आलेले. या माणसानं काय करावं? त्या रुग्णांच्या चार उपदाढा काढून त्यानं काम पहिल्यापासून केलं, फी न घेता, आणि १९४० मध्ये अशा शंभर जणांचे आधीचे-नंतरचे नमुने आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडून ठेवले. आपल्याच फायली उघडून दाखवणारा माणूस. मला हा ट्वीड फार आवडला. फाईलच्या झेरॉक्ससाठी दोन अर्ज केल्यावर तर जास्तच.

आता मुळांकडे. तार लावलेल्या दातांची मुळं झिजतात हे रुग्णांच्या एक्स-रेमधून पद्धतशीर दाखवलं ते अल्बर्ट केचम यानं, १९२७ मध्ये. सरळ आलेल्या दातांचे फोटो दाखवून टाळ्या घेणाऱ्या मंडळींना हे ऐकून काय वाटलं असेल! पण गंमत पुढेच आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत या विषयातल्या तज्ज्ञांची परीक्षा घेणारं मंडळ निघालं, दंतवैद्यकातलं असलं पहिलंच, आणि त्याचा पहिला अध्यक्ष झाला हाच केचम. त्याच १९२९ मध्ये अ‍ॅरिझोना राज्यानं दात सरळ करणाऱ्यांना वेगळं प्रमाणपत्र हवं असा कायदा केला. त्यामागे धडपड होती ती ट्वीडची. नुकसान मोजणारा माणूस आणि तपासणारं मंडळ एकाच सुमारास आणि एकाच वर्तुळात निघावेत हा मला तरी योगायोग वाटत नाही.

हे झालं तयार डॉक्टरांचं. शिकाऊंचं काय?

मी लॉ केलंय. म्हणजे संध्याकाळच्या कॉलेजात बसून पदवी घेतली, सनद काही घेतली नाही. टॉर्टच्या तासाला आम्हाला एक इंग्लिश खटला शिकवला होता, तो त्या रात्री एकदम आठवला. १९४७ चा, कॉलिन्स विरुद्ध हर्टफर्डशायर कौंटी कौन्सिल. युद्धाच्या काळात डॉक्टर कमी म्हणून कौन्सिलच्या इस्पितळात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी डॉक्टरच्या पदावर काम करत होती. अजून परीक्षा व्हायची होती. शस्त्रक्रियेसाठी जागा बधिर करायला सर्जननं फोनवरून प्रोकेन तयार ठेवायला सांगितलं. तिनं ऐकलं कोकेन. तिनं तसं औषध करून मागितलं. औषध बनवणाऱ्यानं एवढं कोकेन कशाला असं न विचारता बनवून दिलं. सर्जननं बाटलीत काय आहे हे न तपासता टोचलं. माणूस मेला.

तेव्हा वर्गात आम्ही "कोकेन-प्रोकेन" म्हणून हसलो होतो, विसाव्या वर्षी माणूस कशालाही हसतो. आता परत वाचलं तेव्हा दिसलं की फोन आणि सुई यांच्यामध्ये तीन माणसं होती आणि तिघांपैकी कुणीही एक प्रश्न विचारला असता तरी भागलं असतं. न्यायालयानं विद्यार्थिनीला "ती बिचारी शिकत होती" म्हणून सोडलं नाही. डॉक्टरचं काम हातात घेतलं तर काळजीही डॉक्टरएवढीच. पण तिच्या चुकीची जबाबदारी इस्पितळावर टाकली, कारण तिला त्या जागी बसवलं इस्पितळानं. सर्जनही सुटला नाही.

ही वाट पुढे रुंद होत गेली. १९५२ मध्ये जोन्स विरुद्ध मँचेस्टर कॉर्पोरेशन. चेहरा भाजलेल्या माणसाला, डॉक्टर होऊन पाचच महिने झालेल्या एका बाईंनी गॅसनंतर पेंटोथाल दिलं आणि तो दगावला. इस्पितळ म्हणालं, भरपाई या डॉक्टरकडून वसूल करून द्या. अपील कोर्ट म्हणालं, नाही. नवख्या माणसाच्या हाती हे काम देखरेखीशिवाय तुम्हीच दिलंत. १९७१ मध्ये तर शिकाऊ मोटारचालकालाही पक्क्या चालकाचीच कसोटी लावली गेली. मागे एल लावला म्हणून समोरच्याचा पाय कमी मोडत नाही.

आणि मग विल्शर. हा खटला मी तीनदा वाचला. १९७८ च्या डिसेंबरात एक मूल फार आधी जन्मलं. त्याला ऑक्सिजनवर ठेवलं होतं, आणि रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी एका कनिष्ठ डॉक्टरनं नाळेतून नळी घातली. ती धमनीत जायला हवी होती, गेली शिरेत. त्यामुळे यंत्र खरा आकडा दाखवेना आणि बाळाला हवा त्याहून जास्त ऑक्सिजन मिळत राहिला. पण त्या कनिष्ठानं एक गोष्ट केली होती. एक्स-रे काढून वरिष्ठ रजिस्ट्रारला "बघा" म्हणून सांगितलं होतं. रजिस्ट्रारनं बघितलं, त्याला चूक दिसली नाही, आणि नंतर नळी बदलताना त्यानं स्वतः तीच चूक केली. मुलाची दृष्टी जवळपास गेली. अपील कोर्टानं १९८६ मध्ये सांगितलं की कसोटी माणसाच्या अनुभवावर नाही, तो ज्या पदावर काम करतोय त्यावर ठरते. मात्र नवख्यानं वरिष्ठाला विचारलं तर तिथं त्याचं कर्तव्य पुरं होतं. दोष रजिस्ट्रारचा.

इथं मी खणातून फाईल परत काढली, त्या रिकाम्या रकान्यासाठी.

तारीख १९ ऑक्टोबर २०२३. विद्यार्थ्याच्या बारीक अक्षरात तारेचा नंबर, मग: डावा पटाशीचा दात जरा जास्त हलतोय, मुळांसाठी एक्स-रे काढावा का, सरांना विचारायचे. त्याची सही. शेजारचा रकाना कोरा. त्याच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या रकान्यांत हिरव्या सह्या, फक्त या एका ओळीत नाही. सह्या मारत खाली येताना कुणाचा तरी हात या ओळीशी अडखळला आणि तिला वळसा घालून पुढे गेला. माझ्या बँकेत असं व्हाउचर सापडलं तर त्याचा एकच अर्थ असतो, सही करणाऱ्यानं ते वाचलेलं आहे.

पुढच्या महिन्याच्या नोंदीत एक्स-रेचा उल्लेख नाही. तारेचा नंबर त्याच्या पुढचा. मुलगा परत विचारायला का गेला नाही? का गेला आणि हाकलला गेला? ते कागदावर नाही. त्याचा नंबर अजून लेकीच्या फोनमध्ये आहे. मी लावला नाही.

तक्रारीच्या मसुद्यातलं पहिलं वाक्य त्या रात्री मी खोडलं. "सदर विद्यार्थ्याने" असं सुरू होत होतं.

विल्शरचा शेवट मात्र माझ्यासारख्या बापाला सोयीचा नाही. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये त्यांनी सांगितलं, की इतक्या आधी जन्मलेल्या मुलाची दृष्टी जायला इतरही चार-पाच कारणं असू शकतात. जास्त ऑक्सिजननंच गेली हे सिद्ध व्हायला हवं, पुन्हा सुनावणी करा. चूक कबूल, नुकसान कबूल, दोघांमधला धागा दाखवा. दाताच्या मुळाचंही हेच. काहींची मुळं जन्मजातच निमुळती असतात, काहींची तारेशिवायही झिजतात, प्रकृतीचा भाग मोठा असतो. सर मला हेच म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. पण एक्स-रे वेळेवर काढला असता तर तार थांबवता आली असती, यावर ते काही बोलले नाहीत.

आपल्याकडचा कायदा पाहू म्हटलं. शिकून दंतवैद्य होण्याची सोय इथं तशी अलीकडची. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला कॉलेज काढलं, मुंबईत नायर इस्पितळाचं १९३३ मध्ये. देशभराचा डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट आला १९४८ मध्ये. तो मी पहिल्यांदाच वाचला, आणि कलम ४९ वाचून चहा थंड झाला. नोंदणी नसलेल्यानं दंतवैद्यकी करू नये, असं सांगून कायदा काही सवलती देतो. त्यातली एक अशी: निकड असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य मिळत नसेल तर कुणीही दात उपटावा, मात्र भूल न देता! इंग्लंडच्या १९२१ च्या कायद्यात हीच सवलत औषधविक्रेत्याला होती, तिथूनच ती आपल्याकडे आली आणि येताना "कुणीही" झाली. दुसरी सवलत माझ्या कामाची होती. सरकारी किंवा स्थानिक संस्थांच्या पैशावर चालणाऱ्या इस्पितळातल्या दातांच्या कामाला ही मनाईच लागू नाही. म्हणजे सार्वजनिक इस्पितळाच्या भिंतीच्या आत कुणाचा हात तोंडात जातो याची चिंता १९४८ च्या कायद्यानं त्या इस्पितळावर सोडली होती. आमच्या मुलाला तिचीही गरज नव्हती म्हणा. पीजी म्हणजे बीडीएस झालेला, नोंदणी असलेला पूर्ण दंतवैद्य. तो शिकाऊ असतो तो फक्त त्या विषयात, आणि त्यासाठी गाईड असतो, लॉगबुक असतं, सह्या असतात.

महाराष्ट्रातला एक खटला या सगळ्यात मला सारखा आठवत राहिला, जरी तो विद्यार्थ्याचा नाही. जुलै १९६३. तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात, मेडिकल कॉलेजला जोडलेल्या, एका बाईंची बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. मग ताप, पोट फुगलेलं. दुसऱ्या सर्जननं पोट उघडलं तर आत रक्त टिपायचं कापड राहिलेलं. २४ जुलैला त्या गेल्या. नवऱ्यानं आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टानं छत्तीस हजार दिले, उच्च न्यायालयानं ते काढून घेतले. सर्वोच्च न्यायालयानं ते परत दिले १९९६ च्या फेब्रुवारीत. जन्मलेलं बाळ तोवर तेहतीसाव्या वर्षाला टेकलं असेल. सरकारचं म्हणणं होतं की नेमकी चूक कोणाची ते दाखवा. न्यायालय म्हणालं, ते कापड कुणी ठेवलं हे त्या कुटुंबानं शोधायची गरज नाही. थिएटर तुमचं, माणसं तुमची, उत्तर तुम्ही द्या.

याच सुमारास, नोव्हेंबर १९९५ मध्ये, ग्राहक कायदा डॉक्टरांना लागू होतो हेही ठरलं. सर्वांना फुकट सेवा देणारं इस्पितळ त्यातून सुटलं, पण काहींकडून पैसे घेणारं नाही. आमच्या सोळा हजारांची पावती माझ्याकडे आहे.

अमेरिकेतली लिबी झायनची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. अठरा वर्षांची मुलगी, ४ मार्च १९८४ च्या रात्री ताप आणि झटके म्हणून न्यूयॉर्कच्या इस्पितळात आली, सकाळी गेली. रात्रभर तिच्यासाठी दोनच डॉक्टर होते, एकाचं पदवीनंतरचं पहिलं वर्ष आणि एकाचं दुसरं. मोठे डॉक्टर फोनवर. ती आधीपासून घेत असलेल्या एका गोळीशी न जुळणारं औषध तिला दिलं गेलं. वडील पत्रकार आणि एकेकाळचे सरकारी वकील, त्यांनी रान उठवलं. ग्रँड ज्युरीनं डॉक्टरांवर गुन्हा ठेवला नाही, व्यवस्थेवर ताशेरे ओढले. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नियम आले: निवासी डॉक्टरला आठवड्याला ८० तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि वरिष्ठ डॉक्टर इस्पितळात हजर हवा. पहिला नियम सगळ्या जगानं लक्षात ठेवला, २००३ मध्ये तो अमेरिकाभर लागू झाला. ज्यांच्या समितीनं हे सुचवलं ते डॉ. बर्ट्रंड बेल पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले, की तासांचं राहू द्या, आमचा मुख्य मुद्दा देखरेखीचा होता. तास मोजता येतात हो. शेजारी उभं राहणं कसं मोजणार? त्यासाठीच तर सहीचा रकाना काढलेला असतो.

जानेवारी २०२५ मध्ये मी तक्रार केली, पण मंचाकडे नाही, कॉलेजच्या डीनकडे. सही नसलेल्या ओळीची तारीख दिली, बाकीच्या सह्यांबद्दल बँकेतल्या माणसाला जे दिसतं ते लिहिलं. विद्यार्थ्याचं नाव घातलं नाही. बायकोचं म्हणणं, मंचाकडे जायला हवं होतं, डीन काय करणार. मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे ही चर्चा आमच्याकडे अजून अधूनमधून जेवताना होते. डीनचं उत्तर आलं: "आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे." फी परत मिळाली नाही. सर दुसऱ्या विभागात गेले की दुसऱ्या कॉलेजात, ते नीट कळलं नाही.

दाताचं म्हणाल तर तारांचा जोर तीन महिने पूर्ण काढून घेतला. जोर थांबला की झीजही बहुधा थांबते. गेलेलं मूळ परत येत नाही, खरवडलेल्या जागेवर मात्र पातळ थर धरतो. मग अगदी हलकी तार. आता फाईल तिसऱ्या विद्यार्थिनीकडे आहे, लातूरकडची आहे, बोलण्यावरून लगेच कळतं. पहिल्या दिवशी तिनं लेकीच्या तोंडात आरसा घातला, दात बोटानं हलवून पाहिला, काही तरी लिहिलं आणि म्हणाली, "काका, बसा थोडं. मॅडम आल्याबिगर मी तार बांधणार नाही." मॅडम बधिर करून ठेवलेल्या दुसऱ्या एका पेशंटकडे अडकल्या होत्या. आम्ही पन्नास मिनिटं बसलो. लेक मोबाईलवर, मी भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र बघत. मग मॅडम आल्या, हातमोजा बदलला, वाकल्या, तारेवरून बोट फिरवलं, "ही नको, चौदाची लाव" म्हणाल्या आणि केसपेपर मागितला. पेन माझ्या खिशातलं घेतलं. निळं होतं.